बर्फाची बादली

झाशीच्या राणीविषयी ज्यांनी ज्यांनी लिहिले आहे, त्यांतील बहुतेकांना जॉन लँग या वकिलाचे नाव घ्यावेच लागले आहे. जन्माने ऑस्ट्रेलियन, पेशाने बॅरिस्टर आणि हौसेने कादंबरीकार असा हा गृहस्थ कंपनी सरकारला जेरीस आणण्यात मोठा वाकबगार होता. लष्कराला रसद पुरविणारे लाला ज्योतिप्रसाद यांची बाजू त्याने 1851 मध्ये कंपनीविरुद्ध लढविली आणि खटला जिंकला. झाशी खालसा झाल्याचा हुकूम निघाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी 1854 मध्ये याच वकिलाला सल्लामसलतीसाठी आग्र्याहून बोलावून घेतले. त्या भेटीची हकीकत त्याच्या 1859 मध्ये निघालेल्या भ्रमंतीच्या पुस्तकात आहे. पडद्याआडून झालेले संभाषण, दत्तक पुत्राने पडदा अवचित बाजूस सारल्यामुळे घडलेले क्षणभराचे दर्शन, आणि झाशी न देण्याविषयीचे ते सर्वतोमुखी झालेले वाक्य, ही सर्व त्या हकीकतीचीच देणगी होय.

त्याच हकीकतीत एक बादली आहे. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

लँगला आणण्यासाठी राणीने वाटेवर गाडी पाठविली होती. गाडीला धिप्पाड घोडे जोडलेले होते. आत पंखा होता आणि तो बाहेरून ओढला जात होता. या गाडीबरोबर राणीचा 'बटलर' होता. त्याच्याजवळ बर्फाने भरलेली बादली होती आणि त्या बर्फात पाणी, बीअर व वाइन गार करीत ठेवलेली होती. पाहुण्याला तहान लागली की त्याच क्षणी हवे ते पुढे करता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. बटलरचा एक मदतनीसही होता. तो बिचारा गाडीच्या पायरीवर उभा राहून, कडेला घट्ट धरून लटकत होता. लँगने या दोघांच्या कौशल्याचे कौतुक केले आहे, परंतु नाव एकाचेही दिलेले नाही.

हा प्रसंग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. गंगाधररावांना जाऊन जेमतेम काही महिने झाले होते. वाडा कऱ्हाडे ब्राह्मणांचा, मालकीण सुतकातून नुकती उठलेली विधवा, राज्य हातचे गेलेले. आणि अशा घरातून निघालेल्या गाडीत एका परक्या धर्माच्या पाहुण्यासाठी बीअर नीट गार राहील याची तजवीज केलेली. जे आपण पीत नाही, पिणार नाही, ते पाहुण्याच्या रीतीप्रमाणे, त्याच्या आवडीइतके थंड करून द्यावयाचे, ही गोष्ट केवळ राजकारणाची नव्हे. तिच्यामागे एक घर आहे आणि त्या घरात हे काम जाणणारा एक हात आहे. त्या हाताविषयी मला लिहावयाचे आहे.

लँगने त्याला 'बटलर' म्हटले, कारण इंग्रजाला तोच शब्द जवळचा. आपल्याकडे त्याचे खरे नाव आबदार. 'आब' म्हणजे पाणी. पाणी आणि पेये राखणारा तो आबदार. सरकारी भाषेत आजही चालणारा 'आबकारी' हा शब्द त्याच मुळाचा, परंतु त्याच्या वाट्याला नुसता कर आणि परवाने आले. आबदाराच्या वाट्याला कला आली होती. मराठी राज्यातील अठरा कारखान्यांच्या याद्या पाहाव्यात. त्यांत आबदारखाना आहे, शरबतखानाही निराळा आहे. म्हणजे पाणी राखणे व गार करणे हे एक खाते, आणि सरबते करणे हे दुसरे. याच यादीत दारूखानाही सापडतो. पण तो पाहून कोणी गैरसमज करून घेऊ नये. तेथील दारू तोफेत ठासण्याची.

गंमत अशी की, आबदाराचे आणि त्या दारूखान्याचे नाते अगदीच नव्हते असे नाही. दोघांनाही शोरा लागे. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त आबदारखान्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. शोरा एरवी बंदुकीच्या दारूत धग निर्माण करतो. त्यालाच बादशहाने थंडाव्याचे साधन केले, असे अबुल फझल मोठ्या अभिमानाने नोंदवितो. कृतीही दिली आहे. जस्त-कथलासारख्या धातूच्या किंवा चांदीच्या सुरईत एक शेर पाणी भरून तिचे तोंड बंद करावयाचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर शोरा टाकावयाचा आणि त्या पाण्यात ती सुरई पाव तासभर फिरवीत राहावयाचे. शोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे सुरईतील पाणी गार होते. पुढे ते शोऱ्याचे पाणी आटवून शोरा परत मिळविता येतो. इसवी सन 1586 च्या सुमारास दरबार लाहोरास गेल्यावर मात्र उत्तरेच्या पहाडांतून हिम आणि बर्फ येऊ लागले.

या कृतीत मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी गोष्ट 'फिरवीत राहणे' ही आहे. सुरई नुसती बुडवून ठेवली तर कडेचे पाणी तेवढे गार होते, मधले तसेच राहते. मनगटाने ती फिरती ठेवावी लागते. जोरात फिरविली तर शोऱ्याचे पाणी तोंडाशी उडते, मंद फिरविली तर वेळ जातो आणि शोऱ्याचा जोर ओसरतो. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात सापडावयाचे नाही. ते मनगटातच राहते आणि मनगटाबरोबर जाते.

आता बुंदेलखंडात बर्फ कसा, असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर इतिहासात आहे. सर रॉबर्ट बार्कर याने अलाहाबादेकडील बर्फ करण्याची रीत 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणीत. त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली चिपाडे पसरून वर मातीच्या, न झिलई दिलेल्या उथळ परळांच्या ओळी मांडीत. तिन्हीसांजेस त्या परळांत उकळून निववलेले पाणी घालीत. हवा निरभ्र आणि निवांत असली म्हणजे पहाटेपर्यंत त्यांवर बर्फ धरे, मग सूर्य उगवण्यापूर्वी तो गोळा करून खोल तळघरात दडपून ठेवीत. हवेचे मान गोठणबिंदूच्या वर असतानाही हे साधत असे, कारण मातीच्या परळातून झिरपून उडणारे पाणी आणि मोकळ्या आकाशाकडे निघून जाणारी उष्णता या दोहोंचा मिळून परिणाम होई. माघातली थंडी वैशाखात पाहुण्याच्या पेल्यात पाडणे म्हणतात ते हेच. दुसरा मार्ग समुद्राचा होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचे 'टस्कनी' नावाचे जहाज 1833 च्या मे महिन्यात 180 टन बर्फ घेऊन निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले तेव्हा त्यातला अर्ध्याहून अधिक शाबूत होता. पुढच्याच वर्षी मुंबईकरांनाही हा अमेरिकन बर्फ मिळू लागला. पण बंदरे कोठे आणि झाशी कोठे! रेल्वेच्या आधीच्या त्या काळात राणीच्या बादलीतला बर्फ बोटीपेक्षा परळांतून आला असण्याचाच संभव अधिक.

कंपनीच्या काळी साहेब मेजवानीस निघाला की त्याचा आबदार आपल्या धन्याची पेये थंड करण्याचा सरंजाम घेऊन मागोमाग जाई. बर्फ स्वस्त होत गेला तशी ही जागा हळूहळू रिकामी झाली. कलकत्त्यात 1878 मध्ये यंत्राने बर्फ करणारी बेंगॉल आइस कंपनी निघाली आणि मग शोरा फिरविणाऱ्या मनगटाची गरजच उरली नाही.

थंड करण्याइतकाच मिसळण्याचाही इतिहास आपल्याकडून सुरू होतो, आणि तो कोकणच्या किनाऱ्याशी येऊन भिडतो. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य 1673 मध्ये हिंदुस्थानात आला. शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीचा वृत्तान्त ज्या पुस्तकात सापडतो तो त्याचाच. 1675 मध्ये तो जुन्नरास जाऊनही आला. या फ्रायरने असे लिहून ठेवले आहे की, नेरूळ येथे उत्तम होणाऱ्या आणि गोव्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अर्कापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पंच' नावाचे पेय करतात, आणि त्यात पाच जिन्नस असल्यामुळेच ते नाव पडले आहे. पाच जिन्नस म्हणजे अर्क, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला. पंच हा शब्द इंग्रजी पत्रव्यवहारात 1632 मध्येच आढळतो. 1638 मध्ये सुरतेस आलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशानेही त्याच्याशी मिळतेजुळते नाव दिले आहे. काही भाषापंडितांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. ते दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावाकडे बोट दाखवितात. दूध, दही, तूप, मध, साखर यांचे पंचामृत लहानपणापासून तळहातावर घेतलेल्या मराठी माणसाला मात्र फ्रायरचेच म्हणणे पटेल, आणि मी त्याच पक्षाचा आहे.

शब्दांच्या या प्रवासात एक चेष्टाही आहे. फारसी 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. अरबीतून ते 'जुलाब' झाले आणि साखरेच्या पाकातील औषधाचा अर्थ त्याला आला. हा शब्द युरोपमार्गे अमेरिकेस गेला, तेथे पुदिना, साखर आणि बर्फ यांच्या संगतीत 'जुलेप' होऊन उंची पेल्यात जाऊन बसला. आपल्याकडे आला तो 'जुलाब' म्हणूनच राहिला, आणि त्याचे पुढे काय झाले ते सांगण्याची आवश्यकता नाही. एकाच बापाचे दोन मुलगे. एक क्लबात गेला, दुसरा वैद्याकडे. 'टॉडी' ही तर सरळसरळ आपली ताडी. सरबतानेही युरोपच्या निम्म्या भाषांत घरे केली आहेत.

पंच हे पेय घरचे, मंडळींचे. मोठे वाडगे मधे ठेवलेले, त्यात लांब दांड्याची पळी, आणि सर्वांना त्यातूनच वाढावयाचे. कमीजास्त झाले तरी सर्वांचे सारखेच. एकेकाच्या पेल्यापुरते मिसळण्याची रीत पुढे अमेरिकेत रुळली. 'कॉकटेल' म्हणजे काय, याचा खुलासा न्यूयॉर्क प्रांतातील हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने 1806 च्या मे महिन्यात केला : कडक दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण. पेला एकाचा झाला म्हणजे हिशेब आला. वाडग्यात अदमासे ओतलेले चालते. दीड-दोन औंसांच्या पेयात एक चमचा लिंबू अधिक पडले तर सगळेच फसते. म्हणून मापे आली, गाळण्या आल्या, घुसळण्याची भांडी आली. जेरी थॉमसने मिश्रणांचे पुस्तक 1862 मध्ये छापले. तळाचा पेला, त्यावर गाळणीचे झाकण आणि त्यावर टोपण असा तीन भागांचा शेकर ब्रुकलिनच्या एडवर्ड हाउकने 1884 मध्ये पेटंट करून घेतला. एकाखाली एक जोडलेल्या दोन शंकूंचे माप, ज्याला 'जिगर' म्हणतात, ते शिकागोच्या कॉर्नेलियस डंगनच्या नावावर 1893 पासून आहे. (जिगर म्हणजे फारसीत यकृत. ज्याने मोजून घ्यावयाचे त्याचे नाव आणि ज्याला भोगावयाचे त्याचे नाव एकच निघावे, हा योगायोग वैद्यांनी ध्यानात ठेवावा.)

नावांची ही यादी मी मुद्दाम दिली. मी कचेरीत बसणारा मनुष्य. कागदावर ज्याची सही असेल त्याचे काम, हा व्यवहार रोज पाहतो. टिपण कोणी तयार केले हे दोन वर्षांनी कोणाला सांगता येत नाही. हाउक, डंगन, थॉमस यांचे काम खरेच होते, त्यांचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी ज्या क्रियांसाठी भांडी घडविली, त्या क्रिया म्हणजे मोजणे, चेचणे, घुसळणे, गार करणे, गाळणे; आणि त्या करणारे हजारो हात आबदारखान्यांत, शरबतखान्यांत व स्वयंपाकघरांत पिढ्यानपिढ्या राबत होते. त्यांच्या नावे कोठेही एक ओळ नाही. झाशीच्या वाटेवरच्या त्या बटलरला निदान अर्धे पान तरी मिळाले. तेही पाहुणा लेखक निघाला म्हणून.

आता ही परदेशी भांडी आमच्या गावात कशी आली ते पाहू. 1857-58 च्या रणानंतर झाशीचे शहर 1861 मध्ये शिंद्यांकडे गेले. इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे आणि छावणी शहराबाहेर झाशी-नौआबाद येथे ठेवली. 1886 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार यांच्या बदल्यात शहर व किल्ला पुन्हा इंग्रजांकडे आला. 1889 मध्ये इंडियन मिडलंड रेल्वे येथे येऊन मिळाली आणि झाशी हे मोठे जंक्शन झाले. पुढे रेल्वेचा कारखानाही आला. छावणी म्हटली की सदर बाजार आलाच. पलटणींचे आपापले छोटे बाजार असत. सर्व छावणीचा मुख्य बाजार तो सदर. त्याची व्यवस्था छावणीच्या कायद्याखाली, 1864 पासून पुढे वेळोवेळी झालेल्या नियमांनी चाले. साहेबाच्या बंगल्यास लागणारे बूट, बिस्किटे, मेणबत्त्या, सोडा, सारे सदर बाजारातून जावयाचे. आणि बंगल्यातला खिदमतगार व बाजारातला दुकानदार यांच्यामध्ये साहेबाला न कळणारी एक भाषा असावयाची.

बंगल्यात पेयांच्या कोठीला 'बॉटलखाना' म्हणत. नाव अर्धे इंग्रजी, अर्धे फारसी, आणि आत काम करणारा बहुधा आसपासच्या खेड्यातला. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या बायांनी 1888 च्या सुमारास मडमांसाठी गृहव्यवस्थेचे जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात कोणत्या नोकराचे कोणते काम याचा बारीक तपशील आहे. पुस्तक मडमेच्या हाती असे, भांडे खिदमतगाराच्या. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी झाली तेव्हा तेथील कसबी माणसे लंडनला गेली आणि मिसळण्याचा खेळ हॉटेलातून घरात शिरला. शेकर ही दिवाणखान्यात मिरविण्याची वस्तू झाली. त्याच लाटेतून मुलामा दिलेले शेकर विलायतेहून येथील छावण्यांपर्यंत आले. तेथे एक फरक पडला. लंडनचा यजमान शेकर स्वतः हलवी आणि पाहुणे टाळ्या वाजवीत. छावणीत यजमान आज्ञा करी आणि शेकर आतल्या खोलीत हले.

1947 नंतर साहेब गेले, सामान राहिले. छावणीच्या गावांतून जुन्या वस्तूंच्या दुकानांत असा माल अजूनही अधूनमधून दिसतो. आमच्या सदर बाजारात एका दुकानी पितळी समया आणि मोडके ग्रामोफोन यांच्यामध्ये मला असा एक शेकर मिळाला. तळाला 'ई. पी. एन. एस.' ही अक्षरे. म्हणजे निकेलमिश्रित धातूवर विजेने चढविलेला चांदीचा मुलामा. कडांचा मुलामा झिजलेला आहे, आणि तो बरोबर उजव्या हाताच्या बोटांच्या जागी झिजलेला आहे. ती बोटे कोणाची असतील याविषयी मला फारशी शंका वाटत नाही.

मराठी घरात अशी वस्तू आणली म्हणजे भुवया उंचावतात, हे ओघाने आलेच. माझ्या मातोश्रींनी ती पाहताच एक प्रश्न विचारला आणि उत्तर न ऐकताच आत गेल्या. केंद्र सरकारच्या नोकराला तर 1964 च्या वर्तणूक-नियमांतील बाविसावे कलम पाठ असावे लागते : कामावर असताना नशा नको, सार्वजनिक जागी प्राशन नको, अतिरेक नको. उत्तर प्रदेश सरकारने 2021 मध्ये घरात ठराविक मर्यादेपेक्षा अधिक मद्य बाळगणाऱ्यांसाठी परवान्याची योजना काढली. महाराष्ट्रात 1949 च्या कायद्याने पिणाऱ्यालाच परवाना लागतो. या सर्व कलमांत भांड्यांचा उल्लेख कोठेही नाही. भांडे निर्दोष असते. त्यात काय घालावयाचे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न; आमच्या घरी त्यात कैरी, कोकम, लिंबू, फालसे आणि बेल एवढेच गेले आहे.

परंतु वापर सुरू झाल्यावर मातोश्रींचा राग हळूहळू परीक्षकाच्या भूमिकेत बदलला, आणि मला असे दिसून आले की या भांड्यांचे सारे शास्त्र त्यांना आधीच ठाऊक आहे. पुदिना खलात घालताना त्या म्हणाल्या, "अरे, नुसता दाब, कुटू नकोस; कडू होईल." नेमके हेच त्या लाकडी दांड्याचे पहिले सूत्र आहे. पान ठेचले की वास सुटतो, त्याच्या चिंध्या झाल्या की हिरवा कडवटपणा उतरतो. मापाचेही तसेच. पूर्वी आपल्याकडे दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन मापट्यांचा शेर अशी दुपटीची माळ होती. जिगराचे एक तोंड दुसऱ्याच्या दुप्पट असते ते याच हिशेबाने. आंबटाला गोड किती हे एकदा ठरले की माणसे चार असोत वा चाळीस, प्रमाण बिघडत नाही. हाताच्या अंदाजावर विसंबणाऱ्याचे पन्हे दर वेळी निराळे होते, मग तो दोष कैरीवर ढकलतो.

ढवळावे केव्हा आणि हलवावे केव्हा, हा या विद्येतला जुना वाद. त्याचा निकाल रवी कधीच देऊन बसली आहे. ताक घुसळले की त्यात हवा शिरते, फेस येतो, अंग हलके होते. सरबत पळीने ढवळले की ते नितळ राहते. म्हणून लिंबाचा रस, फळांचा गर, दूध, असे जे जे मुळातच गढूळ आहे ते शेकरात हलवावे; जे नितळ आहे आणि नितळच दिसावयास हवे ते लांब चमच्याने, भांड्याच्या कडेकडेने, बर्फाचे तुकडे एकमेकांवर न आपटता फिरवावे. हलविण्यास दहा-पंधरा सेकंद पुरतात. ढवळण्यास त्याच्या दुप्पट तरी लागतात. सोडा शेकरात कधीही घालू नये, वायूच्या दाबाने झाकण उडते. तो शेवटी पेल्यातच वरून सोडावा.

हलविताना भांड्यावर दंव धरू लागले म्हणजे काम झाले असे समजावे. आतली हवा गार होऊन आकसते, बाहेरची हवा झाकण दाबून धरते, आणि ते मग ओढून निघत नाही. पहिल्यांदा असे झाले तेव्हा माझ्या सौभाग्यवतीने ते हातातून घेतले, सांध्याभोवती तळहात क्षणभर धरून ठेवला आणि हलकेच एक टिचकी मारली. लोणच्याच्या बरण्या उघडणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही.

आबदाराचे शास्त्र आणि शेकरचे शास्त्र यांत एक मूलभूत भेद मात्र आहे, आणि तो कळल्याशिवाय घरी कोणाचेही पेय साधावयाचे नाही. आबदार थंडावा बाहेरून देत असे. शोरा बाहेर, पेय आत, मधे सुरईची भिंत. पेयात पाण्याचा एक थेंब वाढत नसे. लँगची बीअरही बर्फात होती, बर्फ बीअरमध्ये नव्हता. शेकरात बर्फ पेयाच्या आतच जातो. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो. म्हणजे गारवा येतो तो वितळण्यातूनच, आणि वितळला की पाणी वाढतेच. पाणी न वाढता गार व्हावे असे येथे होत नाही. म्हणून या पद्धतीत पाणी हाही एक मोजलेला जिन्नस धरावा लागतो. पन्हे हलवावयाचे असेल तर ते आधी नेहमीपेक्षा दाट आणि किंचित अधिक आंबट-गोड ठेवावे. बर्फ आपला वाटा आपण घालतो. बर्फाचे तुकडे मोठे आणि कोरडे घ्यावेत. बारीक चुऱ्याला पृष्ठभाग अधिक, तो भराभर विरतो आणि पेय थंड होण्याआधी पाणचट होते. सदर बाजारात लाकडाच्या भुशात आणि तरटात गुंडाळलेली लादी टोच्याने फोडून घेतलेली बरी. परंतु तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे ना, याची खात्री करून घ्यावी, नाहीतर तीच लादी बाहेरून गार करण्यास वापरावी आणि आबदाराच्या पंथास लागावे.

आमच्या घरी अखेर दोन्ही पंथ नांदतात. मातोश्री माठातल्या पाण्यात तांब्या फिरवून पन्हे गार करतात. त्या तो फिरवितात, नुसता बुडवून ठेवीत नाहीत. हे त्यांना कोणी सांगितले, असे विचारले तर त्यांच्या आईचे नाव सांगतात, आणि त्यांच्या आईला कोणी सांगितले ते त्यांना ठाऊक नाही. सौभाग्यवती शेकर हलविते. कैरीचे दोर मात्र शेकरच्या अंगच्या गाळणीत अडकतात आणि भोके बुजतात; त्यासाठी गर आधी मलमलीतून वस्त्रगाळ करून घ्यावा लागतो. येथील बुंदेलखंडी शेजारी होळीची ठंडाई ज्या फडक्यातून गाळतात तसलेच फडके चांगले : विणीने घट्ट, पुष्कळ वेळा धुतलेले, आणि पिळताना कोपरे एकाच हातात येतील एवढे मोठे. वेलदोडा शेवटी, गाळून झाल्यावर घालावा. आधी घातला तर निम्मा वास फडक्यातच राहतो.